नामाच्या घरची वेधशाळा

घणसोली गावात नमिताला तिच्या नावाने हाक मारणारं फारसं कोणी उरलं नव्हतं. भाजीवालीपासून भजनी मंडळापर्यंत सगळे तिला वेधशाळा म्हणायचे. तोंडावर म्हणायचे आणि वर हसायचे. गावाला काय, हसायला निमित्त हवं असतं; आणि ते निमित्त तिनेच दिलं होतं, हेही खोटं नाही.

नमिता मूळची सानपाडा गावातली. नामाच्या एकुलत्या एका मुलाची, प्रीतमची बायको. पालिकेच्या आपत्ती नियंत्रण कक्षात ती कामाला होती. नाव भारदस्त, काम साधं. हवामानाचा इशारा आला की त्यातली सरकारी मराठी सोलून काढायची, माणसाला कळेल असं लिहायचं आणि गावठाणांच्या, सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकायचं. वाऱ्याचा इशारा असला की शेवटच्या ओळी ठरलेल्या. पक्क्या घरात जा, तळमजल्यावर आतल्या खोलीत बसा, खिडक्यांपासून लांब राहा. पत्र्याची शेड, झाड, होर्डिंग, मंडप यांच्याखाली थांबू नका. सैल वस्तू बांधून ठेवा. या ओळी तिला इतक्या पाठ झाल्या होत्या की ती झोपेतही त्याच बडबडते, असं प्रीतम सगळ्यांना सांगत सुटायचा.

आता पंचाईत अशी, की वेधशाळा जिल्हा सांगते, गल्ली सांगत नाही. ढग कल्याणवर फुटेल, कळव्यावर फुटेल, की नुसताच गुरगुरून खाडीपलीकडे जाईल, हे त्या ढगालाही शेवटपर्यंत ठाऊक नसतं. वावटळीचं तर त्याहून अवघड. नमिताला एकदा प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथे एका साहेबांनी पडद्यावर चित्र दाखवलं, ढगातून थेट जमिनीपर्यंत उतरलेली सोंड. आपल्याकडे असं क्वचित होतं, ते म्हणाले; झालंच तर लहान होतं आणि बघता बघता संपतं. नेमकी कुठे उतरेल हे आधी सांगणारा माणूस अजून जन्मायचा आहे. पण ती ज्या ढगाच्या पोटातून येते, तो ढग दिसतो. तो दिसला की आत जायचं, एवढंच आपल्या हातात. नमिताला ते फार पटलं होतं.

पटलं म्हणूनच घोळ झाला. गेल्या वर्षी गावदेवीच्या जत्रेच्या संध्याकाळी असाच एक इशारा आला. प्रीतम तेव्हा जत्रा मंडळाचा अध्यक्ष होता. नमिताने त्याच्यामागे भुणभुण लावली आणि त्याने पालखी थांबवली, पाळणे बंद करायला लावले, माइकवरून लोकांना घरी पाठवलं. लोक आपापल्या दारात बसून आभाळ बघत राहिले. आभाळातली एक चांदणीसुद्धा झाकली गेली नाही. पिंपळाचं पान हललं नाही. पालखीचा मुहूर्त टळला, पाळणेवाले चिडले आणि गावाने वर्षभर पुरेल एवढं हसून घेतलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पुढच्याच बैठकीत मंडळाने अध्यक्ष बदलला. सासरा नामा कितीतरी दिवस सुनेशी धड बोलला नाही.

आणि प्रीतम? तो त्या दिवशी घरात छत्री उघडून जेवायला बसला. "वेधशालेचा भरवसा नाय," म्हणाला, "वरनात पानी पडंल." त्याची आई पुतळाबाई हसून हसून भिंतीला टेकली. नमिताला आधी राग आला, मग रडू आलं, आणि मग तिलाही हसू आवरेना. तेव्हापासून ती कामावरून आली की तो दारातच विचारायचा, "काय वेधशाला, आज सुट्टी काय गो?" गाव हसायचं ते टोचायचं. हा हसला की ते टोचणं कमी व्हायचं. तुझ्यापायी माझं अध्यक्षपद गेलं, असं त्याने तिला एकदाही ऐकवलं नाही. असा नवरा मिळायला नशीब लागतं, आणि नमिताला ते कळत होतं.

या मे महिन्यात नामाच्या मुलीचं, भाविकाचं लग्न निघालं. आगरी माणसाकडे लग्नाला एक वेळ न जाऊन चालेल, हळदीला न जाऊन चालत नाही. नामाच्या जमिनी केव्हाच शहराच्या पोटात गेल्या होत्या; तीन मजली घर आणि त्यातल्या भाड्याच्या खोल्या एवढं आता राहिलं होतं. पण घराशेजारचं जुनं खळं त्याने हट्टाने मोकळं ठेवलं होतं. बिल्डर येऊन येऊन थकले. माझ्या पोरीचा मांडव तिथे पडेल, मग बघू, असं तो सगळ्यांना सांगायचा. आणि मांडव पडला तो असा, की नाकापेक्षा मोती जड. लोखंडी खांब, वर पिवळ्या-गुलाबी कापडाचं भलंमोठं छत, झुंबरं, डीजेच्या भिंती. खाडीकडून येणाऱ्या माणसाला घर दिसायचंच नाही, मांडवच दिसायचा.

या सगळ्या थाटात खरा मांडव कोणता, असं लग्नाची गाणी म्हणणाऱ्या काशीआत्याला विचारलं तर तिने बोट दाखवलं असतं ते मधल्या एका लाकडी खांबाकडे. ती मेढ. तिला उंबराची फांदी आणि आंब्याचा टहाळा बांधलेला. ती रोवायचा मान भावाचा, म्हणून प्रीतमने स्वतः खड्डा खणला. मजूर नको म्हणाला. घामाघूम होऊन कंबरेएवढा खोल गेला, तेव्हा पुतळाबाईने विचारलं की मेढ रोवतोस की विहीर खणतोस. काशीआत्या ही गावची धवलारीण. लग्नाचे विधी गाण्यातून पार पाडणारी बाई. तिचे नियम कडक. धवला, म्हणजे ते लग्नाचं गाणं, म्हणायला घेतला की मध्ये तुटायचा नाही. तो संपेपर्यंत नवरी पाटावरून उठायची नाही. आणि लग्न लागेपर्यंत मेढ हलायची नाही. मेढ हलली तर नवरीचा संसार हलतो. हे ऐकून मान डोलवणाऱ्यांत कॉलेज शिकलेल्या मुलीही होत्या. एकीलाही हे नाकारून बघायचं धाडस नव्हतं, विशेषतः दुसऱ्याच्या मुलीच्या लग्नात.

हळदीच्या सकाळी नामाने सुनेला बाजूला बोलावलं. आवाज चढवला नाही. "आज तुजा फोन बंद ठेव गो बाय," तो म्हणाला. "माज्या पोरीच्या हलदीत वादल नको." नमिताने मान हलवली. रजा घेतलेलीच होती. फोन मात्र तिने बंद केला नाही, नुसता कमरेला खोचला. सवयीचा भाग.

उन्हं कलली तशी हळद सुरू झाली. पाटावर भाविका, तिच्याभोवती बायकांचं कडं, आणि काशीआत्याचा चिरका, न थकणारा आवाज. पोरं डीजेसमोर नाचत होती. पुतळाबाईने सुनेच्या दोन्ही गालांना हळद फासली. नेमका तेव्हा कमरेचा फोन थरथरला. कक्षातल्या उज्वलाचा मेसेज होता. ढग डोंगर उतरतोय, रडारवर सगळं लाल आहे, हा खरा वाटतोय गं.

नमिता मांडवाबाहेर आली. पूर्वेला डोंगरामागे आभाळ जांभळं-काळं झालं होतं, आणि त्याच्या तळाशी एक मळकट पट्टा खाली ओघळल्यासारखा दिसत होता. पश्चिमेला खाडीवर अजून लख्ख ऊन होतं आणि तिकडचा वारा नेहमीसारखा अंगावर येत होता. डोंगराकडचा ढग आणि खाडीकडचा वारा, दोघांची गाठ पडणार होती ती इथेच कुठेतरी. तिला प्रशिक्षणातलं ते चित्र आठवलं.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. नमिता तिथे उभी राहून तेच करत होती. माइक घेऊन सांगितलं आणि काहीच झालं नाही तर? या वेळी गावच नाही, भाविकाच्या सासरची माणसंही हसतील. नणंदेच्या हळदीत अपशकुन केला म्हणून जन्मभर तोंड लपवावं लागेल. आणि नाही सांगितलं तर? मांडवाखाली गावातल्या अर्ध्या बायका होत्या, त्यांची पोरं होती.

शेवटी ती प्रीतमकडे गेली. तो जनरेटरपाशी कुणाशी तरी हुज्जत घालत होता. तिने त्याचा हात धरून त्याला बाजूला नेलं.

"मेसेज आलाय," ती म्हणाली. "वाऱ्याचा. मोठा आहे."

आता हा हसणार, छत्री आण म्हणणार, असं तिला वाटलं. तो हसला नाही. त्याने डोंगराकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"किती वेल हाय?"

"थोडाच."

"काय कराचं ते सांग."

तिने सांगितलं. बायका-पोरांना घरात घे, तळमजल्यावर, मधल्या खोलीत. पत्र्याच्या शेडखाली कोणाला थांबू देऊ नकोस. जनरेटर बंद कर. मांडवाच्या बाजूचे पडदे काढून टाक, म्हणजे वारा आरपार जाईल. सैल असेल ते बांधून घे. एवढं सगळं तिने एका दमात सांगितलं. तूही आत ये, हे तेवढं सांगितलं नाही. नवऱ्याला असं वेगळं काय सांगायचं? कामं उरकली की माणूस घरात येणारच.

"तुजं नाव नाय काढत," तो म्हणाला. "तू जा, आत जागा कर."

मग त्याने जे केलं ते आठवून गाव अजूनही आधी हसतं आणि मग गप्प होतं. त्याने डीजे थांबवला, माइक हातात घेतला आणि जाहीर केलं की आत कासार आलाय, नव्या बांगड्या घेऊन, सगळ्या बायांनी नि पोरींनी बांगड्या भरून घ्याव्या, नामाकडून भेट. वादळ येतंय म्हटलं असतं तर एक बाई जागची उठली नसती. बांगड्या म्हटल्यावर चेंगराचेंगरी व्हायची वेळ आली. पोरं आयांच्या मागे धावली, आणि बाप्ये गंमत बघायला त्यांच्या मागे. बघता बघता मांडव रिकामा झाला आणि मधल्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. कासार कुठाय, कासार कुठाय, असा गलका चालला होता. येतोय, असं नमिता सांगत होती आणि खिडक्या लावून घेत होती.

राहिली भाविका. ती पाटावरून उठेना, आणि काशीआत्या धवला तोडेना. प्रीतमने समजावलं नाही, वाद घातला नाही. त्याने दोन चुलतभावांना हाक मारली, आणि तिघांनी मिळून बहिणीला पाटासकट उचललं. पाटावर हळदीने माखलेली नवरी, खाली तिघे भाऊ, मागून काशीआत्या गात गात चाललेली. ना नवरी उठली, ना धवला तुटला. नामा मागून धावत आला, हे काय चाललंय म्हणून ओरडत. प्रीतमने बापालाही खांद्याला धरून उंबऱ्याच्या आत ढकललं.

दारात काशीआत्या क्षणभर थांबली. कडव्याच्या दोन ओळींच्या मधल्या जागेत, श्वास घेता घेता, ती त्याला एवढंच म्हणाली, "मेढ सांबाल रं." आणि पुढची ओळ धरून आत गेली.

प्रीतम वळला. नमिताने त्याला परत मांडवाकडे जाताना बघितलं. जनरेटर बंद करायला चालला असेल, असं तिला वाटलं. हाक मारावी असंही वाटलं. पण शेजारी नामा सगळ्यांना विचारत होता की हे कोणाचं डोकं, पोरीला मांडवातून कोणी काढलं. हाक मारली असती तर सगळं उघड झालं असतं. ती गप्प बसली. पुढे आयुष्यभर तिला जे बोचणार होतं ते हे गप्प बसणं.

वारा आला तो आधी थांबून आला. खाडीकडची झुळूक पडली, मांडवाचं कापड लोंबून शांत झालं, आणि तिवरांच्या वर धूळ-पाण्याचा एक खांब फिरताना दिसला. भाताच्या कणगीएवढा असेल. तो गावावर आला तेव्हा पत्रे वाजले, दारं आपटली, आतल्या बायकांनी पोरांना पोटाशी धरलं. नमिता दाराच्या फटीत उभी होती.

प्रीतम मेढीपाशी होता. मांडववाल्याने छताचा एक दोर सोयीसाठी म्हणून मेढीलाच बांधून ठेवला होता. आता छत फुगून वर ओढ घेत होतं आणि त्या दोराबरोबर मेढीला हिसके बसत होते. प्रीतमने तो दोर मेढीचा सोडवला. सोडवला आणि टाकून दिला नाही. मनगटाला दोन वेढे देऊन स्वतःच धरून ठेवला. मेढ हलू नये आणि मांडवही पडू नये. बहिणीच्या हळदीचा मांडव पडलेला गावाने बघू नये.

"सोड!" नमिता ओरडली. "प्रीतम, सोड!"

त्याला ऐकू गेलं की नाही, देव जाणे. गेलं असतं तरी मनगटाचे वेढे एका क्षणात सुटत नाहीत. छत छत्रीसारखं उलटं झालं, खांब जमिनीतून मुळासकट उपटावे तसे निघाले, आणि सगळंच्या सगळं वर उचललं गेलं, प्रीतमसकट. शेजारच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्याएवढं वर. मग वाऱ्याने हात काढून घेतला.

चहाला उकळी यायला लागतो तेवढाही वेळ झाला नसेल. गावात दुसरं म्हणाल तर एक जांभूळ पडलं आणि कुठे कुठे पत्रे उडाले. मागच्या गल्लीत तर दोरीवरचे कपडे जागच्या जागी होते. दवाखान्यात नेईपर्यंत प्रीतम गेला होता. ज्या मांडवाखाली गावातल्या बायका-पोरं बसली होती तिथे लोखंडाचा ढीग पडला होता, आणि त्या बायका-पोरांतल्या एकालाही ओरखडा उठला नव्हता. ढिगाच्या मधोमध मेढ होती. उंबराची फांदीसुद्धा तशीच. ती मुळी हललीच नव्हती. त्याने स्वतःच ती इतकी खोल रोवली होती की तिला सांभाळायला कोणाची गरज नव्हती.

नमिताने रडून घेतलं ते सगळं घरात, पुतळाबाईच्या कुशीत. दोघींनी एकमेकींना इतकं घट्ट धरलं होतं की बायकांना त्यांना सोडवता येईना. गालावरची हळद तशीच होती. ती कोणी पुसायची हेच कोणाला कळेना. मग रीतीप्रमाणे एक म्हातारी पुढे आली, नमिताच्या बांगड्यांना हात घालायला. पुतळाबाईने तिचा हात धरला.

"माज्या पोरानं बायांना बांगड्या भराला बोलावलेलं," ती म्हणाली. "फोडाला नाय."

म्हातारी मागे सरली. त्या बांगड्या नमिताच्या हातात राहिल्या.

दिवसकार्य झाल्यावर नमिताने सासऱ्याला सगळं सांगितलं. मेसेज आला होता, मी एकट्या प्रीतमला सांगितलं, त्याने माझं नाव झाकायला कासाराचं सोंग केलं. आता हे मला घराबाहेर काढतील, असं तिला वाटत होतं; काढलं तर जायची तयारीही होती. नामा पायरीवर बसला. मला का नाही सांगितलंस, असं त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच मान हलवली.

"नसता ऐकला मी," तो म्हणाला. "हसलो असतो तुला. मंग सगलीच गेली असती."

गाव बदललं. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. ज्यांनी वेधशाळा म्हणून चिडवलं तेच आता रस्त्यात थांबून, नमिताताई, उद्या कपडे वाळत घालू का, असं विचारू लागले. मान खाली घालून विचारायचे. भाविकाचं लग्न पावसाळ्यानंतर देवळात झालं, मांडवाशिवाय. काशीआत्याने धवला म्हटला, पण मेढ म्हणून काही रोवू दिलं नाही. खळ्यातली जुनी मेढही कोणी काढेना. काढायची कोणी, असा प्रश्न होता; रोवणारा तर नव्हता.

नमिता कामावर परत गेली. इशारा आला की पूर्वीसारखंच सरकारी मराठी सोलून लिहायची, फक्त शेवटी एक ओळ वाढवायची. सगळ्यांना आत घेतल्यावर तुम्हीही आत या. उज्वलाने एकदा हळूच विचारलं, की आत जा असं वर लिहिलेलं असताना ही ओळ पुन्हा कशाला? नमिताने मेसेज त्या ओळीसकट पाठवून दिला, आणि उज्वलाला एकदम कळलं. तिने ती ओळ पुढे स्वतःच्या मेसेजमध्येही घालायला सुरुवात केली.

ऑक्टोबरात परतीच्या पावसाचा इशारा आला. दुपार सरत आली होती. नमिता त्या दिवशी घरीच होती. तिने मेसेज लिहिला, पाठवला, आणि दारात येऊन बघितलं तर सगळं गावठाण हलत होतं. दुकानदार शटर ओढत होते. आया पोरांना बखोटीला धरून आत नेत होत्या. भाड्याच्या खोल्यांतली पत्र्याखालची माणसं नामाच्या तळमजल्यावर येऊन निमूट बसली. एकानेही आभाळाकडे बघून खात्री करून घेतली नाही. तिने सांगितलं, एवढं पुरलं. एवढा मान तिला कधी मिळाला नव्हता, आणि तिला तो नको होता.

ढग आला, गुरगुरला आणि ठाण्याच्या अंगाला निघून गेला. पान हललं नाही. ऊन पडलं. माणसं एकेक करून बाहेर आली, चपला घातल्या आणि आपापल्या वाटेला लागली. दूधवाल्याने सायकल काढली. जाताना एकजण म्हणाला, बरं झालं, टळलं. सगळ्यांनी माना डोलवल्या. कोणीही हसलं नाही.

नमिता पायरीवर उभी राहून वाट बघत होती. कशाची, ते तिचं तिलाच उशिरा कळलं. कोणीतरी हसावं. कोणीतरी टोमणा मारावा, छत्री उघडावी, गावभर गंमत व्हावी. जत्रेच्या त्या दिवशी गाव हसलं तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आज त्या हसण्यासाठी तिने काहीही दिलं असतं.

नामा खळ्यात मेढीजवळ उभा होता. त्याने सुनेकडे बघितलं. हा माणूस तिच्याशी उभ्या आयुष्यात कधी थट्टेने बोलला नव्हता.

"काय वेधशाला," तो म्हणाला. "आज सुट्टी काय..."

पुढचा 'गो' त्याला जमला नाही. तो तोंड वळवून मेढीला हात टेकून उभा राहिला, आणि त्याची पाठ हलत होती.

नमिता पायऱ्या उतरून त्याच्याजवळ गेली. आभाळ स्वच्छ होतं, वाऱ्याचा मागमूस नव्हता. तरी तिने त्याचा हात धरला.

"बाबा," ती म्हणाली, "सगळे आत येऊन गेले. आता तुम्हीही आत या."